हरणीला उतरायचं, स्टेशनावर नाही

॥ श्री ॥
सुभानपुरा, बडोदे
१४ ऑक्टोबर १९९६

ती. निरुपमा वन्सं यांस,
मंदाचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही पत्र न फोडता फडताळावर टाकाल, म्हणून आधीच लिहिते की इथे कुणी आजारी नाही आणि कुणाला काही मागायचं नाही. आता चष्मा लावून स्वस्थ वाचा.

घट बसले आहेत. काल माळ ओवताना एक विचार मनात आला. तो देवीनंच घातला असं मी धरून चालले आहे, कारण माझ्या स्वभावात तो बसत नाही. सात वर्षांपूर्वी तुम्ही शपथ घेतलीत ती मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. तुमच्या त्या कार्डावर दुसरं काही नव्हतंच. "बडोद्याच्या स्टेशनावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही." बडोद्यात पाय ठेवणार नाही असं तुम्ही लिहिलं नव्हतंत. धाकट्या भावाच्या घरात ठेवणार नाही असंही नाही. फक्त स्टेशन.

तर वन्सं, बडोद्याला विमानतळ आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला, हरणीला. मुंबईहून विमान येतं, जरा वेळ थांबतं आणि तेच परत मुंबईला जातं. तुम्ही शाळेत मुख्याध्यापिका होतात, नियमाला पक्क्या. नियम मोडत नाही आणि भाऊबीज होते, अशी ही एकच वाट मला दिसते. विमानाचं मी सुचवावं याचं तुम्हांला हसू येईल. मंगळसूत्र गाठवायला जाताना सुद्धा मी रिक्षा करत नाही, चालत जाते. पण उत्कर्षशी मी परस्पर बोलले आहे. तो म्हणाला, "मामी, तिकीट मी काढतो. आईला तयार तुम्ही करा, ते मला जमायचं नाही."

त्या दिवसाबद्दल मी काही उकरून काढत नाही. हे जन्मभर रेल्वेच्या कचेरीत, त्यामुळे गाडी तीन नंबरलाच लागणार ही यांची खात्री. गाडी लागली एक नंबरला. तुम्ही ट्रंकेवर बसून, आणि हे दोन फलाट पलीकडे हातात हार घेऊन. मी घरी पुरण वाटत होते, म्हणून माझ्याकडे दोष नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आले. पण "दोघं कशाला, तुम्ही एकटे जा, प्लॅटफॉर्म तिकीट एकच लागेल" असं मीच म्हटलं होतं. तुम्ही पुढच्या गाडीनं परत गेलात, तेव्हा हार यांच्या हातातच होता.

तेव्हापासून तुमचं कुंकू-अक्षतांचं पाकीट पोस्टानं येतं. भाऊबीजेला हे आरशासमोर उभे राहून स्वतःच्या हातानं टिळा लावतात. मी निरांजन घेऊन मागे उभी असते. पण बायकोनं ओवाळून भाऊबीज होत नाही, म्हणून नुसतीच उभी असते. यंदा म्हणाले, "पाकीट आलं तर उघडू नकोस. साठीला आलो, आता आरशात बघवत नाही."

हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहिलं आहे. तुमचा नकार आला तर तो माझ्यापाशीच राहील.

तुमची,
मंदा

*

सुभानपुरा, बडोदे
२५ ऑक्टोबर १९९६

ती. वन्सं यांस,
मंदाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. "शनिवारी ९ तारखेला दुपारच्या विमानानं येते. बाहेर आल्यावर तुमच्यापैकी कुणी दिसलं नाही, तर त्याच विमानानं परत जाईन. उत्कर्षनं परतीचं तिकीट तारीख न घालता काढलं आहे." एवढ्या तीन ओळींत तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढं मला दोन पानांत जमलं नसतं.

कार्ड यांना दाखवलं. यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि फियाट धुवायला गेले. फियाटचं तुम्हांला ठाऊक नसेल. निवृत्त झाल्यावर घेतली, जुनी. पुढे छान जाते. मागे जाण्याचा तिचा गिअर मनात असलं तर पडतो, नाहीतर किर्र करून नको म्हणते. मी म्हटलं, आपल्याला वन्संना आणायला पुढेच जायचं आहे, मागे जायचं कारण काय?

बुधवारी रंगीत तालीम केली. सुभानपुऱ्याहून निघून सगळं गाव ओलांडून हरणीला पोचलो. यांनी दारावरच्या शिपायाकडे रुबाबात प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं.

तो म्हणाला, "काका, यहाँ प्लॅटफॉर्म नहीं है."

"तो फिर गाडी कहाँ लगती है?"

"गाडी नहीं, काका. विमान."

"वही, वही. कहाँ लगता है?"

मी यांना हाताला धरून बाजूला घेतलं. शिपाई भला होता. म्हणाला, तिकिटाशिवाय आत कुणाला सोडत नाही, पण प्रवासी बाहेर येतात त्या दाराशी उभं राहायला हरकत नाही, काचेतून दिसतात सुद्धा. तुम्ही बाहेर आलात की मी तिथेच भाकरतुकडा ओवाळून टाकणार आहे. सात वर्षांची दृष्ट आहे, ती घरापर्यंत आणायची नाही. ते दार कसं दिसतं, तिथे खांब कुठे आहे, सगळं मी डोक्यात नोंदवून ठेवलं आहे.

येताना सामान कमी आणा. साड्या माझ्या नेसा. अंगचणीनं आपण सारख्याच होतो, आता मी थोडी जास्त आहे.

तुमची,
मंदा

अक्का, विमानतळावर फलाट एकच आहे. मी स्वतः डोळ्यांनी पाहून आलो. या वेळी चुकण्याचा प्रश्नच नाही. — विश्राम

*

सुभानपुरा, बडोदे
३ नोव्हेंबर १९९६

ती. वन्सं यांस,
मंदाचा साष्टांग नमस्कार.

फराळाचं सगळं झालं, चकल्या तेवढ्या राहिल्या. तुमच्यासाठी बिनसाखरेच्या करंज्या वेगळ्या केल्या आहेत. उत्कर्षनं सांगितलं की तुम्हांला साखर बंद आहे पण तुम्ही ती खाता.

तुम्ही येण्याआधी हे शेवटचंच पत्र, म्हणून गाडीचं कळवते. विमानतळाच्या आवारात गाडी उभी करायला पैसे पडतात. चालवायला पडले तर मी समजू शकते. पण गाडी नुसती उभी आहे, काही करत नाही, कुणाचं काही खात नाही, आणि तिच्या उभं राहण्याचे पैसे? मी त्या पावतीवाल्याला म्हटलं, "आम्ही गाडीतच बसून राहिलो तर?" तर म्हणतो, "तोय थाय, मासी." म्हणजे तरीही पडतात. हे म्हणाले, देऊन टाकू. यांना जन्मभर पास मिळाला, त्यामुळे देऊन टाकू म्हणायला यांचं काही जात नाही.

पण देवाला काळजी. विमानतळाच्या अलीकडे हरणीचा मारुती आहे. जागृत स्थान. देवळाबाहेर झाडाची दाट सावली आणि ऐसपैस जागा. गाडी तिथे ठेवायची, दर्शन घ्यायचं, तुमच्या सुखरूप उतरण्यासाठी तेल घालायचं आणि तिथून चालत विमानतळावर जायचं. शनिवारी देवळात गर्दी असते हे मला कळतं, मी इतकी भोळी नाही. पण गर्दी सकाळची. काल मुद्दाम शनिवार साधून दुपारी जाऊन पाहिलं. झाडाखाली एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कुणी नव्हतं.

नारळ, तेल आणि रुईच्या माळेचं मिळून पार्किंगपेक्षा जास्त होतं, असं यांनी हिशेब करून दाखवलं. मी म्हटलं, ते देवधर्माच्या सदरात जातं, प्रवासखर्चात नाही.

आपल्या पंचांगात पहिली अंघोळ रविवारी आहे, म्हणजे शनिवार अगदी मोकळा. शेजारच्या हंसाबेन कठड्यावरून त्या शनिवारबद्दल काही सांगत होत्या, "मंदाबेन, ए दिवसे तो..." पण माझं दूध उतू जायला आलं होतं, म्हणून मी आत पळाले.

सांभाळून या. विमानात खिडकीशी बसलात तर आमच्याकडे बघा.

तुमची,
मंदा

अक्का, पार्किंगचे पैसे मी द्यायला तयार होतो, याची नोंद असावी. — विश्राम

*

सुभानपुरा, बडोदे
२४ नोव्हेंबर १९९६

ती. वन्सं यांस,
मंदाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. तुळशीचं लग्न झालं, तुम्ही दिलेलं खणाचं कापड तुळशीला नेसवलं.

तुम्ही विचारलंत, "विश्राम म्हणतो की तो मुद्दाम त्या दाराशी उभा होता. खरं काय ते तू लिही." इथे असताना का नाही विचारलंत? तेव्हा मी फराळाचं ताट पुढे करून विषय बदलला असता, हे तुम्हांला कळलं असणार. कागदावर ताट पुढे करता येत नाही. तर लिहिते.

शनिवारी सकाळी हंसाबेन एक डबा घेऊन आल्या. त्यांचा गुडघा धरला होता. म्हणाल्या, आज काळी चौदस, तुम्ही गाडी घेऊन निघालाच आहात, तर एवढे वडे येताना चार रस्त्यावर ठेवा आणि मागे न बघता या. घरातला वर्षाचा ककळाट, म्हणजे भांडणतंटा, त्या दिवशी वड्यांबरोबर चौकात सोडून द्यायची त्यांची रीत आहे. मी डबा घेतला, भाकरतुकड्याच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवला. काळी चौदस हा शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकला, वन्सं, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. इतकी वर्षं बडोद्यात राहून गुजराती घरांत काळी चौदस म्हणजे मारुतीचा केवढा दिवस हे मला ठाऊक नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात चौदस म्हणजे पहिली अंघोळ, आणि अंघोळ रविवारी.

आम्ही लवकर निघालो. देवळाशी पोचलो तेव्हा चार-दोन स्कूटरी होत्या. झाडाखाली जागा मिळाली. मी यांना म्हटलं सुद्धा, "बघा, राखून ठेवल्यासारखी." दर्शनाला रांग होती, पण सरकत होती. तेल घातलं. नारळ फोडला. बाहेर आलो, तर गाडी दिसेना.

गाडी तिथेच होती. तिच्या चारी अंगांनी माणसं, स्कूटरी, तेलाच्या बाटल्यांची हातगाडी, माळांच्या टोपल्या, आणि एका ट्रॅक्टरमधून अख्खं गाव उतरत होतं. तरी म्हटलं, गाडी राहू दे, आपल्याला चालतच जायचं आहे. तर यांना आठवलं की तुम्हांला घालायचा हार मागच्या डिकीत आहे. डिकीला टेकून तेलवाल्याची हातगाडी. मी त्याला म्हटलं, "भाई, जरा सरका."

"क्यां जाउं, बेन? आजे तो काळी चौदस! तमारी गाडी हवे सांजे नीकळशे." म्हणजे आता संध्याकाळीच निघेल.

"गाडी नको, नुसता हार काढायचा आहे."

"तो हार मारी पासेथी लई लो ने! आकडानो छे." म्हणजे रुईचा. मारुतीचा.

हे म्हणाले, "अक्काला रुईचा हार?" आणि मी म्हणाले, "मागच्या वेळचा हार तरी कुठे घालता आला होता!" असं बोलायला नको होतं. आणि नेमक्या त्या वेळी डोक्यावर आवाज झाला.

वर बघितलं, तर विमान. चाकं खाली काढलेलं, इतकं खाली की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. वेळेवर आलं होतं. यांना वाटलं होतं की उशीर होईल, कारण यांच्या नोकरीत वेळेवर काही आलेलं यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्या रांगेनं माना वर केल्या. मी हात जोडले. मारुतीला की तुम्हांला, ते अजून मला नक्की सांगता येत नाही. त्यात तुम्ही खिडकीशी बसून खाली बघत असाल, आणि आम्ही दोघं तेलाच्या हातगाडीशी भांडत असू, हे मनात आलं आणि मी वाहन शोधायला लागले.

एक पोरगेला माणूस मोपेडला किक मारत होता. मी यांना त्याच्यामागे बसवलं. हे म्हणाले, "आणि तू?"

"मी चालत येते. बहीण तुमची आहे, तुम्ही पुढे व्हा. बाहेर यायच्या दाराशीच उभे राहा. खांबाजवळ. ऐकलंत ना?"

"फलाट एकच आहे, मंदा," म्हणाले, आणि गेले.

मी पिशवी घेऊन चालले. चालले म्हणजे पळालेच. नऊवारी असती तर बरं झालं असतं. वाटेत रामरक्षा सुरू केली, ती दरवेळी तिसऱ्या श्लोकाला तुटून पुन्हा पहिल्यापासून. मनात एकच, की वन्सं बाहेर येतील, इकडे तिकडे बघतील, आणि परत फिरतील. तुम्ही परत गेलात तर यांना साठीत आरसासुद्धा पुरणार नाही.

पोचले. बाहेर यायच्या दाराशी गेले. काचेपलीकडे झाडूवाला फरशी पुसत होता. प्रवासी सगळे निघून गेले होते. खांबाजवळ कुणी नव्हतं. तुम्ही नाही, आणि हेही नाहीत. मी तिथे भाकरतुकडा घेऊन उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की ट्रंकेवर बसून तुम्हांला काय वाटलं असेल.

मग पलीकडून तुमचा आवाज आला. तोच, वर्गाबाहेर ऐकू जाणारा.

"विश्राम! इथे काय करतोयस?"

जायचं दार दुसऱ्या टोकाला आहे, हे मी तालमीत बघितलं होतं. यांनी नव्हतं. मोपेडवाल्यानं यांना तिथेच उतरवलं, कारण तो त्याच्या शेठला नेहमी तिथेच सोडतो. आणि हे तिथे छाती काढून उभे राहिले, शिपायाला सांगत, "मेरी बहन इसी दरवाजे से आएगी." शिपाई सांगून थकला की इथून फक्त जातात, येत कुणी नाही. आणि तुम्ही बाहेर आलात, कुणी दिसलं नाही, रागानं लाल झालात, परतीचं तिकीट काढून हातात घेतलंत आणि तरातरा निघालात ते बरोबर त्याच दाराकडे.

म्हणजे वन्सं, यांना काही ठाऊक नव्हतं. तुम्ही चिडून परत निघाल आणि म्हणून जायच्या दाराशी थांबावं, एवढा विचार करणारा माणूस तीन नंबरच्या फलाटावर हार घेऊन उभा राहिला नसता. हे पुन्हा चुकलेच होते. चूक या वेळी तुमच्या वाटेत उभी होती, एवढंच. मला विचाराल तर मी याचं श्रेय मारुतीला देते. पार्किंग मी त्याच्याकडे सोपवलं होतं, ते त्यानं आपल्या पद्धतीनं केलं.

मी पोचले तेव्हा तुम्ही यांना फाडफाड बोलत होतात आणि यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तिकीट कधीच खाली पडलं होतं. ते मी उचललं. तुमच्या लक्षातही आलं नाही. मग मी तिथेच भाकरतुकडा ओवाळला. शिपाई म्हणाला, "माजी, यहाँ कचरा नहीं फेंकना." तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्यानं स्वतःच तुकडा घेऊन पलीकडच्या कुत्र्याला घातला.

पुढचं तुम्हांला माहीत आहे. रिक्षानं देवळाशी आलो, गाडी सुटेपर्यंत तुम्ही रांगेत उभ्या राहून तेल घातलंत आणि गाठिया खाल्ल्यात. दिवेलागणीला चार रस्त्यावर डबा निघाला. तुम्ही विचारलंत, "हंसाबेनच्या घरचा ककळाट आपण का टाकायचा?" मी म्हटलं, त्यातला एक वडा आपल्या नावानं टाकू, एवढे आहेत, त्यांना कळणार नाही. तुम्ही खाली उतरलात, दोन उचललेत, आणि वाकून ठेवलेत. गुडघे दुखतात तुमचे, हे मी पाहिलं.

आणि घर नेमकं मागच्या अंगाला होतं. यांनी गिअर टाकला, किर्र झालं. तुम्ही म्हणालात, "मागे बघायचं नाही."

"अक्का, मागे न बघता गाडी मागे कशी घेऊ?"

"घेऊ नकोस. समोर रस्ता नाही का?"

समोर रस्ता होता. तो वाघोडियाकडे जातो, सुभानपुऱ्याच्या बरोबर उलटा. त्या रस्त्यानं आपण अर्ध्या बडोद्याला वळसा घालून घरी आलो. तुम्ही पुढच्या सीटवर बसून सगळा वेळ यांना गिअर कसा टाकायचा ते शिकवत होतात, आणि हे "हो अक्का, हो अक्का" करत होते. मी मागे बसले होते, मांडीवर रिकामा डबा. पेट्रोलचं मी एक अक्षर बोलले नाही. हे तुम्ही लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

तुमचं ते परतीचं तिकीट मी त्या दिवशी उचललं ते तुम्ही निघायच्या आदल्या दिवसापर्यंत देवामागे ठेवलं होतं. तुम्ही शोधत होतात तेव्हा मी चकल्या मोजत होते.

उत्कर्षला आशीर्वाद. करंज्या संपल्या असतील तर कळवा, साखरेच्या पाठवते.

तुमची,
मंदा

अक्का, पेट्रोलचं ती गाडीत बोलली नाही हे खरं. घरी आल्यावर बोलली, आणि तू झोपल्यावर पुन्हा बोलली. बाकी तिनं लिहिलेलं मी वाचलं. पुढच्या भाऊबीजेला ये. मी दोन्ही दारांच्या मधोमध उभा राहीन. — विश्राम